जिमचे खाडे मोजा, मग पैसे भरा: नाशिकमध्ये कमी खर्चात जिम लावण्याची पद्धत

अंबडमधल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी धुळ्याहून नाशिकला आलो. सिडकोत दोन मित्रांबरोबर खोली, आलटून पालटून तीन शिफ्ट आणि कॅन्टीनचं जेवण. सहा महिन्यांत पँटचं बटण लागेना. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घराजवळच्या एका जिमबाहेर फ्लेक्स लागला: वर्षाचे ९,००० रुपये, वर दोन महिने फ्री. त्याच संध्याकाळी जाऊन पैसे भरून आलो.

जानेवारी उजाडला. निफाडचा पारा पेपरात रोज छापून येतो, ते दिवस. सकाळी सहाची बॅच, आणि रजईतून हात बाहेर काढायची हिंमत होईना. मग सेकंड शिफ्ट लागली, मग मावसभावाचं लग्न आलं, मग उन्हाळा. दहाव्या महिन्यात त्या जिमने जागाच बदलली, ती थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला. तोवर मी एकूण ४३ दिवस गेलो होतो. ९,००० भागिले ४३, म्हणजे एका दिवसाचे २०९ रुपये. एवढ्यात दोघांची मिसळ झाली असती, वर ताकही.

त्यानंतर मी दोनदा जिम लावली आणि दोन्ही वेळा पैसे वसूल झाले. फरक एवढाच पडला की दूधवाल्याचे खाडे जसे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतात, तसे मी जिमचे मांडायला लागलो. शहरात नवीन असाल, पगार बेताचा असेल आणि पहिल्यांदाच जिम लावत असाल, तर पुढचं सगळं त्याच क्रमाने करा.

१. पहिला महिना फुकट काढा

आधी जिम लावायची आणि मग सवय लागेल, असं आपल्याला वाटतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. म्हणून पहिला महिना एक रुपयाही खर्च न करता काढा आणि रोज कॅलेंडरवर खूण करा.

नाशिकमध्ये यासाठी जागांची कमी नाही. गोल्फ क्लब मैदान (पाटीवर नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगा) पहाटेपासून भरलेलं असतं. कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे. आमच्या सिडको-इंदिरानगरच्या लोकांना पांडवलेणीचा डोंगर जवळ, म्हसरूळकडच्यांना चामरलेणी. पायऱ्या चढून उतरलात की पायांचा व्यायाम वेगळा करायला नको. महापालिकेच्या बऱ्याच उद्यानांत ओपन जिमची हिरवी-पिवळी यंत्रं बसवलेली आहेत. त्यांनी दंड फुगणार नाहीत, पण अंग मोकळं होतं. मात्र आधी हलवून बघा, काहींच्या बेअरिंगचा जीव कधीच गेलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावावी. म्हणजे भरभर चालणं पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि वजनं दोन दिवस. पहिला भाग फुकट होतो. जिमला पैसे द्यायचे ते मुख्यतः दुसऱ्या भागासाठी. ट्रेडमिलवर चालायला महिन्याचे पैसे भरणारे लोक मी बघतो आणि खिडकीतून दिसणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडेही बघतो.

महिनाअखेरीस खुणा मोजा. आठपेक्षा कमी असतील तर जिमचा विचार अजून एक महिना पुढे ढकला. आठ ते पंधरा असतील तर एका महिन्याचे पैसे भरा, जास्त नाही. पंधराच्या वर असतील तरच तीन महिन्यांची बोलणी करा. वर्षाचं नाव पहिल्या खेपेला काढायचंच नाही.

२. हिशेब दिवसाचा करा

जिमवाला नेहमी महिन्याचा भाव सांगतो: 'सर, वर्षाचं घेतलं तर महिन्याला सातशेच पडतात.' तुम्ही दिवसाचा भाव काढा.

समजा एका जिमचे दर असे आहेत: महिना १,२००, तीन महिने ३,०००, वर्ष ८,४००. तुम्ही महिन्याला बारा दिवस जाता आणि वर्षभर टिकलात, तर वार्षिक पॅकेजमध्ये एक दिवस ५८ रुपयांना पडतो. झकास. पण पाच महिन्यांनी सुटलं तर त्याच पॅकेजचा दिवस १४० रुपयांना पडला. महिन्या-महिन्याने भरले असते तर पाच महिन्यांचे ६,००० झाले असते, म्हणजे दिवसाला १००. या दरात वार्षिक पॅकेज महिन्याच्या हिशेबात सात महिन्यांनी बरोबरीत येतं, आणि तीन-तीन महिन्यांच्या हिशेबात सातवा महिना लागल्यावर, कारण तिथे तिसरा हप्ता भरावा लागतो. तुमच्या जिमचे आकडे घालून हे गणित पाठकोऱ्या कागदावर करा, दोन मिनिटं लागतात.

आता कॅलेंडर उलटून बघा. तुमचे कोणते महिने जाणार? गावाकडची लग्नं एप्रिल-मेमध्ये. गणपतीचे दहा दिवस, नवरात्रात वणीला पायी जाणारे असाल तर ते. दिवाळीत आठवडाभर घर. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि तापाची साथ. शिफ्टवाल्यांना नाइट शिफ्टचा आठवडा पूर्ण बाद धरावा लागतो. मी हे सगळं मोजलं तेव्हा वर्षातले साडेआठ महिनेच हातात उरले. वार्षिक पॅकेजचा भाव मग या साडेआठने भागायचा, बाराने नाही.

'दोन महिने फ्री' या शब्दांना भुलू नका. ते महिने शेवटी येतात, उत्साह संपल्यावर. त्याऐवजी तेवढे पैसे आत्ता कमी करून मागा. हे मी का म्हणतोय, ते नवव्या मुद्द्यात कळेल.

३. घर, कंपनी आणि मधला रस्ता

जिम घराजवळ असावी असं सगळेच सांगतात. त्यात माझी एक भर: जिम कंपनीतून घरी येण्याच्या वाटेवर असेल तर आणखी बरं. घरी येऊन बूट काढले की माणूस परत निघत नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. द्वारका चौक आणि मुंबई नाका संध्याकाळी सात वाजता ज्याने पाहिलाय त्याला हे समजावायची गरज नाही. नवीन आलेल्यांनी मात्र ज्या वेळेला जिमला जाणार त्याच वेळेला एकदा गाडी घेऊन जाऊन यावं. पंचवटीत राहून गोदावरीच्या पलीकडची जिम लावायची असेल तर पावसाळा ध्यानात घ्या. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, पुराचं माप तिच्यावरूनच सांगतात) कमरेपर्यंत पोहोचलं, की नदीकाठचे रस्ते विसरायचे आणि सगळी गर्दी वरच्या पुलांवर. शिवाय २०२७ च्या सिंहस्थामुळे रस्त्यांची कामं आणि पर्वणीच्या काळातली वाहतूक बंदी आहेच. गंगाघाट, पंचवटी, तपोवन भागातल्या जिमचं लांबचं पॅकेज घेताना हे मनात ठेवा.

४. बघायला सोमवारी संध्याकाळी सातला जा

दुपारी तीनला जाल तर कुठलीही जिम राजवाडा वाटते. सोमवार संध्याकाळ म्हणजे गर्दीचा कळस; रविवारी मिसळ हाणलेली सगळी जनता त्या दिवशी प्रायश्चित्ताला येते. तेव्हा काय दिसतं ते खरं.

आत गेल्यावर मी हे बघतो. बेंच प्रेससाठी किती जण थांबलेत. स्क्वॉट रॅक (वजनाची दांडी खांद्यावर घेऊन बैठका मारायची चौकट) आहे का, की फक्त स्मिथ मशिन, ज्यात दांडी खाचेतून वर-खालीच सरकते. डंबेलच्या जोड्या पूर्ण आहेत का, की १० किलोचा एकच डंबेल आणि त्याचा जोडीदार बेपत्ता. ट्रेडमिलची संख्या मोजू नका, चालू ट्रेडमिलची मोजा. 'मेंटेनन्स' ची पाटी आणि तिच्यावरची धूळ बरंच काही सांगते. केबल मशिनची वायर तुटत आलीय का, हे जवळून बघा, कारण ती तुमच्या डोक्यावर असते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर निदान दिवे आणि पंखे चालतात का. जिम तळघरात किंवा तिसऱ्या मजल्यावर असेल तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का. पार्किंग. प्यायचं पाणी. संडास. शेवटच्या दोन गोष्टी बघायला लाजू नका.

मग खाली पार्किंगमध्ये पाच मिनिटं रेंगाळा आणि घामेजून बाहेर पडणाऱ्या एखाद्या भाऊला विचारा, 'दादा, कशी आहे जिम? ट्रेनर लक्ष देतात का?' फ्लेक्सवर नसलेली सगळी माहिती तिथे मिळते. कोणता ट्रेनर सोडून चाललाय, हेसुद्धा.

बायकोने जिम लावली तेव्हा तिने वेगळ्याच गोष्टी पाहिल्या, त्या मला सुचल्याही नसत्या. लेडीज बॅचच्या वेळेत खरंच फक्त बायका असतात की मालकाचे मित्र येऊन बसतात. लेडी ट्रेनर रोज येते की फक्त फोटोत असते. कपडे बदलायच्या खोलीची कडी आतून नीट लागते का, आणि कॅमेरा कुठे-कुठे रोखलेला आहे. रात्री आठला बाहेर पडल्यावर गल्लीत दिवे आहेत का. दुपारची लेडीज बॅच बऱ्याच जिममध्ये स्वस्त असते, कारण तेव्हा जिम ओस पडलेली असते.

एक दिवस फुकट ट्रायल मागा. तीन दिवस मागितलेत तर एक मिळतो.

थोडं तालमींबद्दलही. जुन्या नाशकात तालमी आणि व्यायामशाळा अजून टिकून आहेत, आणि यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी मल्लखांबही शिकायला मिळतो. (मल्लखांबाचं पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या वणीच्या सप्तशृंगी गडावर गवसली, अशी आख्यायिका आहे, म्हणजे हा प्रकार आपल्याच जिल्ह्यातला.) एसी नाही, आरसे कमी, पण शिकवणारा माणूस तुमची पाठ वाकली की ओरडतो. तुमच्या वॉर्डात महापालिकेने बांधलेली आणि मंडळाने चालवलेली व्यायामशाळा आहे का, हेही विचारून बघा. फी ऐकून चाट पडाल. मात्र वेळा आणि साहित्य दोन्ही नशिबावर.

५. बोलणी

काउंटरवर छापलेला दर हा बोलणीची सुरुवात असतो. भाजी बाजारात जसं करतो तसंच, फक्त आवाज खाली ठेवून.

सगळ्यात आधी ॲडमिशन फी. ही माफ होऊ शकते, बहुतेक वेळा नुसतं मागितल्यावर. खोलीतले तिघे-चौघे एकत्र गेलात तर प्रत्येकाला सूट मिळते. पण एकाने सोडलं तर बाकीच्यांचा दर वाढणार नाही, हे वदवून घ्या. दुपारी अकरा ते चार येणार असाल तर 'ऑफ टाइम' चा वेगळा दर विचारा. शिफ्टवाल्यांना हे वरदान आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की साडेतीन-चारला मी जातो, रॅक रिकामा, ट्रेनर निवांत.

मी वापरतो ते वाक्य असं: 'सर, एक महिन्याचे आत्ता भरतो. महिन्यात पंधरा दिवस आलो तर तुमचा तिमाही दर लावा, आणि हा महिना त्या तीन महिन्यांतच धरा.' दोघांपैकी एक मालक लगेच हो म्हणाला. दुसरा म्हणाला, 'असं कुणी येत नाही हो पंधरा दिवस.' मग हसून तोही हो म्हणाला.

'ऑफर आज रात्रीपर्यंतच' असं सांगतील. डिसेंबर-जानेवारीची ऑफर गुढीपाडव्याला परत येते, मग पावसाळ्यात, मग दसऱ्याला. आजवर रात्री संपलेली ऑफर मी पाहिलेली नाही.

नवीन उघडणाऱ्या जिमची प्री-लाँच ऑफर मात्र खरोखर स्वस्त असते आणि खरोखर धोक्याची. यंत्रं आलेली नाहीत, प्लास्टर ओलं आहे आणि पैसे मात्र वर्षाचे आत्ता. दार उघडल्यावर पहिल्या महिन्याचे भरेन, असं सांगून निघा.

६. फॉर्म भरताना

कागदपत्रं थोडीच लागतात:

- आधारची झेरॉक्स, तीही मास्क्ड आधारची. यूआयडीएआयच्या साइटवरून काढता येतं, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. जिमला त्याहून जास्त गरज नाही.
- एक-दोन पासपोर्ट फोटो.
- घरच्या एका माणसाचा नंबर, काही झालं तर कळवायला.
- बीपी, शुगर, दमा, हृदयाचा त्रास किंवा जुनी दुखापत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी दवाखाना, मग जिम.
- अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही.

सामान: वेगळे स्वच्छ बूट, टॉवेल, बाटली आणि लॉकरसाठी स्वतःचं छोटं कुलूप. हातमोजे आणि कमरेचा पट्टा पहिल्या दिवशी घेऊ नका. माझा पट्टा अजून कोरा आहे.

फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम असतात. त्याचा आधी फोटो काढा, मग सही करा. चार ओळी शोधा. सुट्टीवर गेलात तर मेंबरशिप थांबवता येते का, किती दिवस, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का. दुसऱ्याच्या नावावर करता येते का. खंड पडल्यावर ॲडमिशन फी पुन्हा लागते का. मेंबरशिप कोणत्या तारखेपासून सुरू होते: पैसे भरल्यापासून की तुम्ही यायला लागल्यापासून? तुम्ही वीस तारखेला भरले आणि एक तारखेपासून जाणार असाल, तर एक तारीख लिहून घ्या. तोंडी कबूल झालेली प्रत्येक गोष्ट त्या फॉर्मवर पेनाने लिहायला सांगा. लिहायला नको म्हणाले, तर ती कबूल झालेलीच नाही.

७. पैसे भरताना

इथे बहुतेकांचा गोंधळ जीएसटीवर होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे १०,००० च्या पॅकेजवर १,८०० ऐवजी ५००. अजूनही कुणी १८ टक्के लावून बिल करत असेल तर तारीख दाखवा. दुसरं, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान जिमला नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसलेल्याला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. म्हणून 'प्लस जीएसटी' म्हटलं की बिलावरचा नंबर बघा: पंधरा अक्षरं-आकडे, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या साइटवर तो टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. तेव्हा बोलणी करतानाच विचारायचं, 'हा आकडा सगळं धरून ना?'

पैसे यूपीआयने आणि जिमच्या नावाच्या क्यूआर कोडवर द्या. ट्रेनरच्या खासगी नंबरवर नाही, तो कितीही गोड बोलला तरी. तो ट्रेनर उद्या दुसऱ्या जिममध्ये गेला की तुम्ही पैसे भरले होते हे सांगणारं कुणी उरत नाही. पावतीवर रक्कम, सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख हवीच.

ऑटोपे लावला असेल तर जिम सोडताना यूपीआय ॲपमध्ये जाऊन तो मॅन्डेट (पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) स्वतः रद्द करा. काउंटरवर 'बंद करतो' असं सांगितल्याने तो बंद होत नाही.

ईएमआयपासून लांब राहा. माझ्या लाइनवरच्या एका सहकाऱ्याने मोठ्या चकाचक जिमचं वर्षाचं पॅकेज हप्त्यावर घेतलं. त्याला वाटलं, जिम सोडली की हप्ता थांबेल. पण ते कर्ज असतं, फायनान्स कंपनीचं. तिने जिमला पैसे कधीच दिलेले असतात. तुम्ही या, नका येऊ, जिमला कुलूप लागो, हप्ता बँकेतून जातच राहतो. चुकवला तर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब. जिमसाठी सिबिल खराब झालं आणि पुढे गाडीच्या कर्जाला नडलं, अशी त्याची गत झाली.

८. काउंटरवरचा बाकीचा बाजार

पर्सनल ट्रेनिंग. पहिल्या आठवड्यात कुणीतरी इंचटेप घेऊन येईल, तुमची कंबर मोजेल आणि चेहरा गंभीर करेल. मग महिन्याच्या पीटीचा आकडा सांगेल, जो जिमच्या फीच्या कितीतरी पट असतो. नवख्या माणसाला शिकवणीची गरज असते, हे खरं आहे. चुकीच्या पाठीने वजन उचललं तर दवाखान्याचं बिल मोठं येतं. पण त्यासाठी महिना लागत नाही. चार-पाच सेशनचेच पैसे देतो म्हणा आणि त्यात स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, लॅट पुलडाउन एवढंच शिकवायला सांगा. प्रत्येकाचा व्हिडिओ आपल्या फोनवर काढून घ्या. माझं सहा महिने तेवढ्यावर चाललं, आणि वजनांची नोंद मी दूधवाल्याच्या वहीतच मागच्या पानावर ठेवली.

प्रोटीनचे डबे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच म्हटलंय. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. सुक्या सोयाबीन वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास. बाकी मूग, हरभरे, शेंगदाणे, दही आपल्या घरात आहेच. खोलीवर राहणाऱ्याने रात्री मूठभर हरभरे भिजत घातले तरी डब्याचे दोन-तीन हजार वाचतात. तरीही डबा घ्यायचाच असेल तर त्यावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर आणि सील बघा, आणि बिल घ्या. सुटं पाकीट कुणाच्या बॅगेतून घेऊ नका.

आणि इंजेक्शन. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी हे मुद्दाम लिहितोय. 'एक घे, स्टॅमिना बघ' म्हणून जे दिलं जातं त्यात मेफेन्टरमाइनही असतं. ऑपरेशनच्या वेळी भुलीने उतरलेला रक्तदाब वर आणण्याचं ते औषध आहे. धडधाकट माणसाने टोचून घेतल्यावर त्याच्या हृदयाचं काय होईल, याचा विचार करा. जिथे असं काही विकलं जातं ती जिम त्याच दिवशी सोडा, भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

९. जिम बंद पडली किंवा हलली तर

माझ्या पहिल्या जिमने जागा बदलली तेव्हा चौदापैकी चार महिने शिल्लक होते. माझा हिशेब: ९,००० भागिले १४, गुणिले ४, म्हणजे सुमारे २,५७० रुपये परत. मालकाचा हिशेब: 'दोन महिने तर फ्रीच होते ना भाऊ, त्याचे कसले पैसे? उरले दोन.' म्हणजे १,५००. आणि तेसुद्धा 'नवीन जागेत ॲडजस्ट करू'.

आधी व्हॉट्सॲपवर भांडलो, त्याचा उपयोग शून्य. मग कंपनीतल्या एका काकांनी सांगितलं तसं केलं. साध्या कागदावर मराठीत पत्र: पावती क्रमांक, तारखा, किती महिने उरले, किती पैसे हवेत, किती दिवसांत. सोबत पावतीची झेरॉक्स. रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पोस्टाची पोच जपून ठेवली. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. शेवटी १,५०० हातात आले. फ्री महिन्यांचे काही मिळाले नाहीत, कारण फॉर्मवर 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती.

एवढ्यावर मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते. म्हणजे जिमचं मुख्य ऑफिस मुंबईला असलं तरी तुम्हाला नाशिक सोडावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवेचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं हीसुद्धा. 'नॉन-रिफंडेबल' असा शिक्का बघून लगेच हार मानू नका. तुम्ही कंटाळून सोडलंत तर तो शिक्का भारी पडतो. जिमनेच सेवा बंद केली तर गोष्ट वेगळी.

१०. नूतनीकरण

संपायच्या आठवडाभर आधी फोन येतो: 'सर, रिन्यू करायचंय ना?' त्या दिवशी हो म्हणू नका. घरी या, कॅलेंडरची तीन पानं उलटा, खुणा मोजा. महिन्याला दहाच्या खाली आल्या असतील तर परत एक महिन्यावर या. वाढल्या असतील तर त्याच तिमाही दरात आणि ॲडमिशन फीशिवाय मागा.

गेल्या खेपेला मी कॅलेंडरच गुंडाळून जिममध्ये नेलं. मालकाने एका पानावर बोट ठेवून खुणा मोजल्या, सतरा निघाल्या. 'बारा तारखेला तर आम्ही बंद होतो,' तो म्हणाला. खूण दुधाची होती. सोळा धरून त्याने तिमाही दरातून दोनशे कमी केले.